पेनने केलेले गोल

आमच्या जिन्याखाली प्रश्नसंचांचे दोन गठ्ठे होते. एक २०२३-२४ चा, सहा पुस्तकांचा. दुसरा २०२४-२५ चा, तीन पुस्तकांचा. पहिल्या गठ्ठ्यातलं कुठलंही पुस्तक काढा, सुरुवातीची ऐंशी-नव्वद पानं निळ्या पेनने बरबटलेली आणि पुढची कोरी करकरीत. मी नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, दोनदा दिली. रिपीट करणाऱ्या ओळखीच्या मुली विचारतात, "कुठली पुस्तकं वापरलीस?" नावं मी मुद्दाम सांगत नाही. दोन्ही वर्षांत माझ्या दोन पुस्तकांची नावं तर तीच होती. मी ती वापरली कशी, हे लिहिते.

पहिलं वर्ष बारावीचं. आम्ही बार्शीचे. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री एमसीक्यू, म्हणजे चार पर्यायांचे प्रश्न. क्लासच्या चाचणीत मार्क पडले की मला नवीन पुस्तक हवं व्हायचं. फिजिक्समध्ये पडले, फिजिक्सचं आणा. बायोमध्ये पडले, बायोचं आणखी एक आणा. दादा पुण्यात असतो, तो अप्पा बळवंत चौकातून आणायचा. पाचवं पुस्तक हातात देताना त्याने विचारलं, "अगं, आधीचं संपलं का?" मी म्हटलं, "होत आलंय." धादांत खोटं. नवीन पुस्तकाचा वास आला की दोन दिवस अभ्यास होतोय असं वाटायचं, एवढंच. सहा पुस्तकांचे मिळून साधारण ४,२०० रुपये झाले आणि त्यातलं एकही शेवटपर्यंत गेलं नाही.

सोडवायची पद्धतही ठरलेली. प्रश्न वाचायचा, पुस्तकातच पर्यायाला पेनने गोल करायचा, धड्याच्या शेवटी उत्तरं बघायची. चुकलं तर स्पष्टीकरण वाचायचं, "हां, बरोबर" म्हणायचं आणि पुढे. त्या "हां, बरोबर"ने माझं वर्ष खाल्लं. स्पष्टीकरण वाचताना सगळं कळतंच की. आपल्याला ते आधी का सुचलं नाही, हा प्रश्न तिथेच राहतो. पुन्हा तोच धडा काढावा तर पानावर माझेच गोल. हात आपोआप बरोबर पर्यायाकडे जाणार आणि मी खूश.

५ मे २०२४ ला परीक्षा झाली. निकाल लागला ४ जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्याच दिवशी. बाबा बाहेर टीव्हीवर आकडे बघत होते, मी आत मोबाईलवर माझा. ५६६. क्षणभर बरं वाटलं, मग रँक बघितली. त्या वर्षी ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. ५६६ ला कोण विचारतंय. पुढचे दीड महिने कोर्ट, बातम्या, १,५६३ जणांची फेरपरीक्षा, आणि "परीक्षाच रद्द होणार" म्हणणारे नातेवाईक. त्या सगळ्यात फिजिक्सच्या एका प्रश्नाचा वाद होता. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, असं एक विधान त्यात होतं. एनसीईआरटीच्या (केंद्राच्या) पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे ते बरोबर, नव्या आवृत्तीत मात्र "बहुतेक मूलद्रव्यांचे" असा बदल झालेला. आधी दोन्ही उत्तरांना मार्क दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं. मी शेजारच्या ताईची जुनी प्रत वाचून गेले होते. २६ जुलैला सुधारित निकाल आला तेव्हा माझे चार गेले आणि वर एक उणे. ५६१.

पाच मार्कांनी माझं तसं काही बिघडलं नाही, सीट आधीच्या मार्कांतही नव्हती. पण जुनी पुस्तकं वापरणार असाल तर ही गोष्ट लक्षात असू द्या.

बाबा म्हणाले, "बस अजून एक वर्ष. पण क्लासची फी परत नाही जमायची, बाळा." मलाही परत त्या बाकावर बसायचं नव्हतं. स्टँडजवळच्या अभ्यासिकेत ६०० रुपये महिन्याने जागा घेतली. ऑगस्टचा पहिला आठवडा अभ्यास न करता फक्त पुस्तकं चाळण्यात गेला आणि तो आठवडा वर्षभर कामी आला.

२०२४ च्या परीक्षेपासून राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने अभ्यासक्रम कमी केला. बायोतून पचन आणि शोषणाचा धडा गेला, केमिस्ट्रीतून घन अवस्था, पृष्ठरसायन, बहुवारिकं गेली. माझ्या सहापैकी दोन पुस्तकं त्याआधीची, आणि मी पचनाचे दोनशेच्या वर प्रश्न इमानदारीत सोडवले होते! बारावीच्या वर्षात ते कुणी सांगितलं असेलही, माझ्या कानावरून गेलं. म्हणून पहिलं काम म्हणजे आयोगाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाची पीडीएफ काढून झेरॉक्सवाल्याकडून छापून घेणं. पुस्तकाची अनुक्रमणिका आणि ती यादी शेजारी ठेवायची. गेलेल्या धड्यांच्या पानांना स्टेपलर मारायचा, म्हणजे पुस्तक बारीक होतं आणि छातीवरचं ओझंही. उलटंही तपासायचं. फिजिक्समध्ये प्रायोगिक कौशल्यांचा भाग नव्याने आला होता, व्हर्नियर आणि स्क्रू गेज वगैरे, आणि जुन्या पुस्तकांत त्यावर वेगळा धडाच नव्हता.

गोल केलेली पुस्तकं तर बादच. तीन विषयांची तीन पुस्तकं ताईकडून ७०० रुपयांत घेतली. तिने पेन्सिल वापरली होती आणि देण्याआधी खोडून दिली होती. तेव्हा मला ते फक्त नीटनेटकेपण वाटलं.

मग नियम केला: पुस्तकात उत्तर लिहायचं नाही. उत्तरं दोनशे पानी वहीत, प्रश्नाचा क्रमांक आणि पर्याय. चुकलं की पुस्तकात त्या क्रमांकाशेजारी पेन्सिलने एक ठिपका, आणि वहीत चुकण्याचं कारण एका अक्षरात. "मा" म्हणजे माहीतच नव्हतं. "वा" म्हणजे वाचण्यात चूक. "ग" म्हणजे गणित चुकलं. "दो" म्हणजे दोन पर्यायांत अडकले आणि चुकीचा धरला. "सिली मिस्टेक" हा शब्द वहीत लिहायचा नाही, असंही ठरवलं. त्या शब्दाखाली काहीही लपतं.

ऑगस्टअखेर बेरीज केली. सोडवलेले १,१४०, चुकलेले ३१२. "मा" ११८, "वा" ९७, "दो" ५६, "ग" ४१. मी आकड्याकडे बघतच राहिले. सत्त्याण्णव चुका येत असलेल्या प्रश्नांच्या! आणि त्यातल्या निम्म्याच्या वर बायोच्या, जो माझा "पक्का" विषय. "अयोग्य विधान ओळखा" असताना पहिलं योग्य विधान दिसलं की मी ते धरून मोकळी. "वगळता", "सर्वांत कमी" हे शब्द डोळा गाळून टाकत होता. उपाय इतका साधा की सांगायला लाज वाटते. प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची, त्या शब्दावर बोट ठेवायचं, मग पर्याय. बोट काढायचं नाही. सप्टेंबरमध्ये "वा" ४० वर आलं. नवीन काहीही न शिकता.

"मा"चं काम वेगळं आणि कंटाळवाणं. प्रश्न कुठल्या ओळीवरून आला ते पाठ्यपुस्तकात शोधायचं आणि तिथे समासात प्रश्नाचा क्रमांक टाकायचा. मी राज्य मंडळाची, त्यामुळे एनसीईआरटीची पुस्तकं मला अकरावीच्या शेवटी कळली. बायोचे प्रश्न तर जवळजवळ त्याच वाक्यांवरून निघतात. एखाद्या आकृतीखालची चार अक्षरांची ओळसुद्धा सुटत नाही. महिनाभरात समासातले क्रमांक दाट झाले आणि कुठल्या पानातून प्रश्न निघतात ते पान बघूनच कळायला लागलं.

याच शोधाशोधीत उत्तरसूचीच चुकीची असल्याचंही सापडतं. केमिस्ट्रीच्या पी-ब्लॉकमध्ये अणुत्रिज्येचा क्रम लावायचा प्रश्न होता. गटात खाली जाताना त्रिज्या वाढते, म्हणून पुस्तकाने ॲल्युमिनिअमपेक्षा गॅलिअम मोठं धरलं होतं. पाठ्यपुस्तकाच्या तक्त्यात ॲल्युमिनिअम १४३ पिकोमीटर, गॅलिअम १३५. मधल्या डी-इलेक्ट्रॉनांमुळे तिथे क्रम उलटतो, आणि प्रश्न विचारला जातो तो नेमका त्याचमुळे. मी पुस्तकाला खरं मानून दोन दिवस स्वतःला मठ्ठ समजत होते. नंतर नियम केला: उत्तर पटत नसेल तर वीस मिनिटं शोधायचं, तक्ता किंवा ओळ सापडली तर पुस्तक चूक, नाहीतर चिठ्ठी लावून रविवारी ताईला विचारायचं. फिजिक्सच्या जाड पुस्तकात असे चुकीचे अकरा सापडले. छापणाऱ्यांवर राग नाही, हजारो प्रश्नांत होणारच. पण सूची म्हणजे वेद नव्हे.

ठिपक्यांकडे परत येते. चुकलेला प्रश्न तिसऱ्या दिवशी पुन्हा, मग पंधराव्या दिवशी. पुन्हा चुकला की दुसरा ठिपका, तिसऱ्यांदा चुकला की तिसरा. पान कोरं असल्यामुळे प्रत्येक वेळी खरोखर सोडवावंच लागायचं. ताईचं खोडरबर तेव्हा कळलं.

डिसेंबरमध्ये मात्र हे सगळं कोलमडलं. तीन ठिपक्यांचे प्रश्न कमीच होईनात, उलट वाढत होते. फिरणाऱ्या चकतीचे, विद्युतप्रवर्तनाचे, केमिस्ट्रीत समन्वय संयुगांचे. त्याच महिन्यात आतेबहिणीचं लग्न. मांडवात एका काकूंनी विचारलं, "अजून तेच चाललंय का तुझं?" मी "हो" म्हटलं आणि जिलबी खाल्ली. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत गेले, वही उघडली आणि सरळ रडायला आलं. आठवडाभर पुस्तक हातात घेतलं नाही. आईने काही विचारलं नाही. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला सोबत न्यायची, तेवढंच. त्यानंतर मी रोजचे प्रश्न १२० वरून ८० केले आणि चुकांना वेळ वाढवला. आधी तो उलटा होता. प्रश्न सोडवायला दोन तास, चुका बघायला वीस मिनिटं.

जानेवारीच्या शेवटी एनटीएची, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेची, सूचना आली: ऐच्छिक प्रश्नांचा विभाग बंद. २०२१ ते २०२४ या पेपरांत २०० प्रश्न असायचे आणि १८० सोडवायचे. प्रत्येक भागाच्या ब विभागात पंधरापैकी दहा. आता सरळ १८० प्रश्न, सगळे सक्तीचे, आणि वेळ १८० मिनिटं. २०२२ ते २०२४ मध्ये २०० मिनिटं मिळायची. मला "हा अवघड दिसतोय, सोडा" ही सवय लागली होती आणि सोडायची सोयच गेली. जुने पेपर मी घड्याळ लावून सोडवले होते ते सगळे वीस मिनिटं जास्त धरून. त्या चार वर्षांचे पेपर वापरणार असाल तर ब विभागातले शेवटचे पाच प्रश्न आधीच काट मारा आणि गजर तीन तासांचा लावा. २०२० किंवा त्याआधीचे पेपर मांडणीला जवळचे, पण त्यांत विधान-कारण आणि जोड्या लावा कमी. दोन्ही मिसळून घ्यावे लागतात.

७ फेब्रुवारीला फॉर्म सुटले, मुदत ७ मार्च. खुल्या वर्गासाठी १,७०० रुपये. आर्थिक दुर्बल आणि इतर मागासवर्गीयांना १,६००. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना १,०००. नेट कॅफेवाल्याचे वर १०० गेले कारण अंगठ्याचे आणि बोटांचे ठसे स्कॅन करून ठरलेल्या आकारात बसवणं मला मोबाईलवर जमेना. भाषा निवडताना मी अर्धा तास घुटमळले. मराठी निवडली की पेपर मराठी-इंग्रजी दोन्हीत येतो, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य. माझे सगळे प्रश्नसंच इंग्रजीत, वर्षभर "इनकरेक्ट"वर बोट ठेवलेलं. इंग्रजीच ठेवली. दहावीपर्यंत सेमी असणाऱ्यांनी निदान दोन पेपर दोन्ही भाषांत सोडवून मग ठरवावं.

मार्चपासून दर रविवारी दुपारी २ ते ५ पूर्ण पेपर, कारण खरी परीक्षा त्याच वेळेत. ओएमआरच्या, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेच्या, झेरॉक्स दोन रुपयाला एक. पहिल्या रविवारी तीन वाजता मला चक्क डुलकी लागली. बार्शीतला मार्च, पत्र्याचं छप्पर, दुपारचं जेवण पोटात. पुढच्या रविवारपासून साडेअकराला हलकं जेवायचं. एक गोल नीट भरायला पाच सेकंद धरले तर १८० गोलांना पंधरा मिनिटं जातात. पुस्तकात सोडवताना ही पंधरा मिनिटं कुणी मोजत नाही. मी एका पानाचे प्रश्न सोडवून लगेच त्यांचे गोल भरायचे. शेवटी सगळे एकदम भरणाऱ्या मैत्रिणीचा एकदा क्रमच सरकला होता.

"दो"चाही हिशेब याच पेपरांतून निघाला. बरोबरला चार, चुकीला उणे एक. दोन पर्याय नक्की चूक आहेत असं कळत असेल, तर उरलेल्या दोनांतून धरणं फायद्याचं असतं, हे कागदावर सगळ्यांना कळतं. तरी मी पहिल्या वर्षी असे प्रश्न भीतीने सोडले होते. म्हणून प्रत्येक पेपरात अशा प्रश्नांना छोटा त्रिकोण करायचा आणि नंतर मोजायचं. आठ रविवारांत ११८ त्रिकोण, ६१ बरोबर, ५७ चूक. म्हणजे २४४ वजा ५७, १८७ मार्क. भीती गेली. चारही पर्याय अंधारात असतील तर मात्र मी सोडूनच देते, त्यात नुसता वेळ जातो.

केंद्राचं शहर आठ-दहा दिवस आधी कळलं, सोलापूर. ४ मे २०२५, रविवार. आदल्या दिवशीच आत्याकडे गेलो. दीडला गेट बंद होतं, बाबांनी मला साडेअकरालाच नेऊन उभं केलं. अर्ध्या बाह्या, साधी चप्पल, पारदर्शक बाटली, प्रवेशपत्रावर चिकटवलेला पोस्टकार्ड आकाराचा फोटो. पेन आतच देतात. गळ्यातला काळा दोरा गेटवर काढावा लागला, तो बाबांच्या खिशात गेला.

बायो आधी, ठरल्याप्रमाणे. बोट ठेवून. पन्नास मिनिटं लागली. केमिस्ट्री लांबली. आणि फिजिक्स. पहिला प्रश्न सोडून दुसरा, दुसरा सोडून तिसरा, असं करत मी पाचव्यावर आले तेव्हा हातपाय गार पडले होते. लांबलचक आकडेमोड, एकाही प्रश्नाचा चेहरा ओळखीचा नाही. प्रश्नसंचात फिजिक्सच्या प्रत्येक धड्याला तीन पातळ्या होत्या आणि तिसरी मी "ही इंजिनीअरिंगवाल्यांची" म्हणून आख्खी सोडली होती. ते चुकलं. सगळी नको, पण प्रत्येक धड्यातले दहा तरी करायला हवे होते. उत्तरासाठी नव्हे, तसला प्रश्न समोर आल्यावर घाबरायचं नाही यासाठी. बाहेर आले तेव्हा गेटवर निम्म्या मुली रडत होत्या. मी नव्हते रडत, मला फक्त पाणी हवं होतं.

३ जूनला उत्तरसूची आणि आपल्या ओएमआरची प्रत दिसायला लागली. हरकत घ्यायला प्रत्येक प्रश्नाला २०० रुपये, परत न मिळणारे, आणि ५ तारखेपर्यंतच मुदत. मला एका प्रश्नाची शंका होती. वीस मिनिटांचा नियम लावला, पाठ्यपुस्तकात ओळ सापडली, चूक माझीच निघाली. २०० रुपये वाचले.

१४ जूनला निकाल. बायो ३००, केमिस्ट्री १३६, फिजिक्स ७६. एकूण ५१२. आई म्हणाली, "मागच्या वेळी ५६१ होते ना गं?" तिला समजावायला अर्धा तास लागला की पेपर सगळ्यांनाच अवघड गेला होता, यंदा अव्वल आलेल्याचेच ६८६ आहेत, आणि ४९ मार्क कमी होऊनही माझ्या रँकचा आकडा मागच्या वर्षीच्या निम्म्याहून कमी, म्हणजे चांगला, झाला आहे. बाबांनी तोवर पेढे आणले होते. त्यांनी मार्क विचारलेच नव्हते, माझा चेहरा बघून ते बाहेर पडले होते.

जिन्याखालचा पहिला गठ्ठा मागच्या आठवड्यात रद्दीत घातला. पेनने केलेली पुस्तकं कुणी घेत नाही. दुसऱ्यातली तीन गल्लीतल्या अकरावीच्या मुलीला द्यायची आहेत. स्टेपलरच्या पिना तशाच ठेवल्यात, गॅलिअमच्या प्रश्नाशेजारी खरं उत्तर लिहिलंय. ठिपके खोडायचं काम चालू आहे, बायोचं झालं, फिजिक्स अर्ध्यावर आहे. राज्य कोट्याची कागदपत्रं, अधिवासाचा दाखला आणि पसंतीक्रम हा वेगळाच सोहळा आहे, तो उरकला की त्याचंही लिहीन.